सेमीसॉफ्ट लेन्सचं सोल्युशन मिळेनासं झालंय: आज रात्री काय करायचं आणि जाब कुणाला विचारायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी कॉलेजात शिकते, दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे बुबुळ, शंकूसारखं पुढे येण्याचा आजार), काही वर्षांपासून सेमीसॉफ्ट, म्हणजे स्वतःचा आकार धरून ठेवणारी, लेन्स वापरते. महिना होत आला, तिच्या लेन्स साफ करून भिजवायचं सोल्युशन गावात कुठेच नाही. दुकानदार म्हणतात, "वरूनच माल नाही." एकाने सॉफ्ट लेन्सची बाटली हातात ठेवली आणि म्हणाला, "तेच आहे, चालतं." ऑनलाइन एक बाटली दिसते, पण छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट. तोवर शेवटची बाटली पुरवून पुरवून वापरणं चाललंय. वडील विचारतात: लेन्सचे इतके पैसे घेताना कुणी बोललं नाही की पुढे लेन्सचं हे पाणी मिळणार नाही, मग जबाबदारी कुणाची? मुलीने तोवर काय करायचं? आणि सरळ सॉफ्ट लेन्सवर गेलं तर ही कटकट संपेल का?

जबाबदारीचं नंतर बोलू. आधी आज रात्रीचं बघू, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलेलं वाक्य म्हणजे "पुरवून पुरवून वापरतोय".

पुरवणं म्हणजे घराघरात काय होतं, ते रोज बघतो. सकाळी लेन्स घातल्यावर डबीतलं पाणी ओतून टाकायचं नाही. रात्री त्याच पाण्यात चार थेंब नवे घालायचे आणि झाकण लावायचं. डबी भरलेली दिसते, म्हणून मनाला बरं वाटतं. पण त्यातलं जंतुनाशक आदल्या रात्रीच खर्ची पडलेलं असतं. लेन्सवरचा चिकटा, बोटांवरून आलेले जंतू, डबीच्या तळाशी जमलेला बुळबुळीत थर, या सगळ्यांशी झुंजून ते संपलेलं असतं. चार थेंबांनी ते भरून येत नाही. १२० मिलीची बाटली दोन लेन्ससाठी नीट वापरली तर महिना, फार तर सव्वा महिना जाते. तुमच्याकडे ती तीन महिने टिकत असेल, तर ती बचत मुलीच्या बुबुळावर होतेय. शिवाय सील फोडून साधारण ९० दिवस झाले की उरलेलं टाकून द्यायचं असतं, बाटली अर्धी भरलेली असली तरी. छापलेली एक्सपायरी बंद बाटलीची असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा थेंब मोजणं आजपासून बंद. पुरेसं सोल्युशन नाही, तर लेन्स डोळ्यात नाही.

यात तुमच्यासाठी दिलासा एकच, पण मोठा आहे. तुमच्या मुलीची लेन्स कोरडी ठेवता येते. सॉफ्ट लेन्स वाळली की पापडासारखी कडक होते, कडेला तडकते आणि पुन्हा भिजवली तरी भरवशाची राहत नाही. सेमीसॉफ्ट लेन्स मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही. बरेच दिवस वापरायची नसेल तेव्हा ती स्वच्छ करून कोरडी ठेवावी, असं तिच्या निर्मात्यांच्या सूचनांतच असतं. हे सांगायला दुकानात कुणाला सवड नसते, आणि म्हणून लोक न वापरलेली लेन्स महिनाभर त्याच शिळ्या पाण्यात बुडवून ठेवतात.

कोरडी ठेवायची ती अशी. साध्या साबणाने हात धुवा. क्रीमवाला, वासाचा साबण नको. हात पूर्ण कोरडे करा. लेन्स तळहातावर वाटीसारखी ठेवा, उरलेल्या सोल्युशनचे काही थेंब घाला आणि करंगळीने किंवा अनामिकेने हलकेच चोळा, आतून आणि बाहेरून. तर्जनीने जोर जास्त पडतो आणि पातळ लेन्स वाकते. केराटोकोनसच्या लेन्सचा बाक जास्त असल्यामुळे आतल्या खोलगट भागात चिकटा राहून जातो, तिथे जरा जास्त वेळ द्या. मग सोल्युशननेच खळखळून काढा. तेवढं सोल्युशन नसेल, तर निर्जंतुक सलाईनची छोटी ॲम्पूल (एकदाच वापरायची कुपी) नव्याने फोडून तिने काढा. मऊ टिशूवर पालथी ठेवून पाणी निथळू द्या, टिशूने घासू नका. डबी नवी असेल तर उत्तम, नाहीतर धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. उजवी-डावीची अदलाबदल होऊ देऊ नका. केराटोकोनसमध्ये दोन डोळ्यांच्या लेन्स एकमेकींना अजिबात चालत नाहीत आणि वाळलेल्या लेन्स हातात घेतल्यावर वेगळ्या ओळखू येत नाहीत.

नवी बाटली आली की लगेच डोळ्यात घालायची नाही. पुन्हा चोळून साफ करायची, ताज्या सोल्युशनमध्ये रात्रभर ठेवायची, निदान बाटलीवर लिहिलेले तास तरी. घालण्याआधी दिव्यासमोर धरून कड बघा. चीर किंवा टवका दिसला तर ती लेन्स बाद.

मधल्या दिवसांत चष्मा. आता तुम्ही म्हणाल, चष्म्याने तिला फळ्यावरचं दिसत नाही. बरोबर आहे. केराटोकोनसमध्ये बुबुळाचा आकार शंकूसारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे चष्मा काम भागवण्यापुरताच उपयोगी पडतो. पण आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. सेमीसॉफ्ट लेन्स रोज वापरली की बुबुळ तिच्या दाबाने थोडा आकार घेतं. लेन्स काढल्यावर पहिले काही दिवस जुना चष्मा विचित्र वाटतो. मूल घाबरतं, आई-बाप घाबरतात, "आजार वाढला" म्हणतात. बऱ्याचदा तो लेन्सचाच परिणाम असतो. म्हणून नवा नंबर काढायचा असेल तर घाई करू नका. लेन्स बंद करून थोडे दिवस जाऊ द्या, जमल्यास दोन वेळा तपासा, आणि नंबर स्थिर दिसला तरच काचा करा. तोवर वर्गात पहिला बाक आणि मोबाइलवर अक्षर मोठं. गाडी चालवणं बंद, विशेषतः संध्याकाळनंतर.

आता ते "तेच आहे, चालतं".

ते "तेच" नाही. सॉफ्ट लेन्सचं सोल्युशन पाणी शोषणाऱ्या लेन्ससाठी बनवलेलं असतं. सेमीसॉफ्टचं सोल्युशन जरा दाट असतं, कारण त्याला कोरड्या प्लास्टिकसारख्या पृष्ठभागावर अश्रू पसरतील असा ओलसर थर धरून ठेवायचा असतो. त्यात क्लोरहेक्सिडिनसारखी जंतुनाशकंही असतात. सॉफ्ट लेन्स ती शोषून घेईल आणि दिवसभर डोळ्यात सोडत राहील. म्हणून एक दिशा तर पूर्ण बंद आहे: सेमीसॉफ्टचं सोल्युशन सॉफ्ट लेन्सला कधीही नाही. घरात दोन्ही प्रकार वापरणारी भावंडं असतील तर बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.

उलट दिशेला, म्हणजे तुमच्या दुकानदाराने सुचवलं तसं केलं, तर लेन्स लगेच खराब होणार नाही. म्हणूनच "चालतं" हा समज पसरलाय. पण लेन्स तेलकट राहते, दुपारपर्यंत धुरकट दिसायला लागतं, डोळा चोळावासा वाटतो. आणि केराटोकोनसच्या पेशंटने डोळा चोळणं यापेक्षा वाईट सवय नाही. काही तज्ज्ञ विशिष्ट बाटलीला, थोड्या दिवसांसाठी परवानगी देतात, हे खरं आहे. पण ती परवानगी तुमच्या लेन्सचं मटेरियल आणि तिच्यावर कोटिंग आहे की नाही हे ज्याला माहीत आहे त्यानेच द्यायची. काउंटरवरच्या मुलाला ते माहीत नसतं, माहीत असण्याचं कारणही नाही.

खरा पर्याय शोधायचा असेल तर दोन आहेत. पहिला, दुसऱ्या कंपनीचं सेमीसॉफ्टचंच सोल्युशन. बाटलीवर रिजिड गॅस परमिएबल किंवा आरजीपी (हे सेमीसॉफ्टचंच दुसरं नाव) लेन्ससाठी, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बदलताना एका कंपनीचं क्लीनर आणि दुसऱ्याचं भिजवायचं पाणी असा काला करू नका, संच बदला. डबीही नवी घ्या.

दुसरा पर्याय हायड्रोजन पेरॉक्साइडवाली पद्धत. लेन्ससाठीचं ३ टक्के पेरॉक्साइड आणि त्याच्यासोबतच येणारी उभी डबी, जिच्यात तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. ही चकती पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन करते. त्याला साधारण सहा तास लागतात. ही पद्धत सॉफ्ट आणि सेमीसॉफ्ट दोन्हींना चालते, आणि नीट वापरली तर साफसफाईला उत्तम. "नीट" हा शब्द इथे जिवावरचा आहे. साध्या चपट्या डबीत हे ओतून सकाळी लेन्स डोळ्यात घातली, तर डोळा भाजतो. आणि काम संपल्यावर डबीत उरतं ते जवळपास नुसतं खारं पाणी. त्यात जंतुनाशक राहत नाही, म्हणून लेन्स अशीच आठवडेच्या आठवडे ठेवायची नाही.

इथे एक धोका खास आपल्याकडचा आहे. कुणीतरी "पेरॉक्साइड चालतं" एवढंच ऐकतो आणि मेडिकलमधून जखमेवर लावायची हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणतो. ती बहुधा २० व्हॉल्यूम, म्हणजे सुमारे ६ टक्के असते. लेन्सवाल्याच्या दुप्पट तीव्र, आणि निष्क्रिय करायला चकती नाही. ही बाटली लेन्सच्या आसपासही नको.

सलाईनबद्दल नेहमी विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. मेडिकलमध्ये मिळणारं एनएस, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. लेन्स खळखळून काढायला ते ठीक आहे. पण सलाईन जंतू मारत नाही. लेन्स रात्रभर सलाईनमध्ये ठेवणं म्हणजे जंतूंना रात्रीचा मुक्काम देणं. त्यातून ५०० मिलीची ड्रिपची बाटली सुईने टोचून दहा-बारा दिवस वापरणारे लोक आहेत. टोचल्यानंतर ती निर्जंतुक राहत नाही. घ्यायचीच तर छोटी प्लॅस्टिकची ॲम्पूल घ्या, एकदा फोडली की उरलेलं टाकून द्या. आणि ॲम्पूल हातात घेतल्यावर अक्षरं वाचा. तशाच आकाराच्या, तशाच पारदर्शक ॲम्पूलमध्ये इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणीही मिळतं. ते निव्वळ पाणी असतं, मीठ नाही, डोळ्याला झोंबतं. घाईत काउंटरवर दोन्हींची अदलाबदल होते.

नळाचं पाणी, आरओचं, उकळलेलं, बिसलेरीचं, घरी मीठ घालून केलेलं, तसंच बेबी शाम्पू, भांड्यांचा साबण, गुलाबपाणी, थुंकी: काहीही नको. सेमीसॉफ्टवाल्यांना हे जास्त सांगावं लागतं, कारण पूर्वी त्यांना लेन्स नळाखाली धुवायला सांगितलं जायचं आणि ती शिकवण अजून घराघरात आहे. पाण्यात अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव असतो. अडचणीत तो स्वतःभोवती जाड कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला दाद देत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाईन करण्याची पद्धत होती. १९८५-८६ च्या सुमारास अकँथामिबाच्या संसर्गाच्या केसेस वाढल्या तेव्हा तपासात हेच घरगुती सलाईन मुख्य कारण म्हणून पुढे आलं. हा संसर्ग महिनोन्महिने चालतो, दुखणं भयंकर असतं, आणि औषधाचे थेंब सुरुवातीला दिवसरात्र तासातासाला घालावे लागतात.

आता "वरूनच माल नाही" याचा अर्थ काय. तुम्ही दुकानदारावर चिडलात, पण या तीन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि कुठली आहे हे तुम्हाला कळणं बाटली मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. माल तात्पुरता अडकलाय? कंपनीने ते उत्पादन बंदच केलंय? की परत मागवलंय? तिसरी गोष्ट असेल, तर तुमच्या घरात उरलेली बाटलीही त्याच दिवशी बाद.

हे घडलेलं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये लेन्स वापरणाऱ्यांत फ्युझेरियम या बुरशीचा बुबुळाचा संसर्ग वाढलेला दिसला आणि बॉश अँड लॉम्बच्या 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या सोल्युशनवर संशय गेला. तिथली विक्री थांबली. एप्रिलमध्ये अमेरिकेतही तेच चित्र समोर आलं, आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. अमेरिकेत १६४ केसेस निश्चित झाल्या. त्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांवर बुबुळाच्या प्रत्यारोपणाची वेळ आली. पेशंटच्या डोळ्यांतून मिळालेल्या बुरशीचे वाण इतके वेगवेगळे होते, की एखाद्या कारखान्यातून दूषित माल निघाला असं म्हणता येईना. बुरशी लोकांच्या घरातलीच होती. सोल्युशन नीट वापरलं नाही, डबी उघडी राहिली, जुन्यात नवं घातलं, की त्याची मारक शक्ती ढासळत होती, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून मी सुरुवातीला थेंब मोजण्यावर एवढा बोललो.

पाठोपाठ मे २००७ मध्ये ॲडव्हान्स्ड मेडिकल ऑप्टिक्स या कंपनीचं 'कम्प्लीट मॉइश्चरप्लस' मागे घेतलं गेलं, या वेळी अकँथामिबामुळे. तिथेही कारखान्यात माल दूषित झाल्याचा पुरावा नव्हता. सोल्युशन त्या जीवाला पुरेसं मारत नव्हतं, एवढंच. सोल्युशनच्या मारकतेची जी आंतरराष्ट्रीय चाचणी तेव्हा प्रमाण होती, तिच्या यादीत तीन जीवाणू आणि दोन बुरश्या होत्या, अकँथामिबा नव्हताच. एका वर्षाच्या अंतराने दोन मोठी नावं फळीवरून उतरली आणि लाखो लोकांना रातोरात दुसरी बाटली शोधावी लागली. त्यातही बातमी न पोहोचलेले लोक घरातली जुनी बाटली संपेपर्यंत वापरत राहिले. माझ्या मते टंचाईतला सगळ्यात मोठा धोका हा आहे. बाटली नाही हे दिसतं, का नाही हे कुणी सांगत नाही, आणि मग ती जागा काउंटरवरचं "चालतं" भरून काढतं.

म्हणून बाटलीवरच्या ग्राहकसेवा क्रमांकावर फोन करा. बॅच नंबर हातात ठेवा आणि सरळ विचारा: माल अडकलाय, बंद केलाय, की परत मागवलाय? तोंडी उत्तरावर थांबू नका, ईमेल मागा. दुकानदारापेक्षा हा फोन जास्त कामाचा.

माल अडकण्याची कारणं बहुतेक वेळा साधी आणि संथ असतात. हे निर्जंतुक द्रव आहे, ज्याला त्याला बनवता येत नाही, आणि सेमीसॉफ्टसाठी बनवणारे तर आणखी थोडे. निर्जंतुकतेची नेहमीची चाचणी १४ दिवस चालते, म्हणजे बाटली भरून तयार झाली तरी ती लगेच गाडीत चढत नाही. मग जहाज, कस्टम्स, आयातदाराचं लेबल, भिवंडीचं गोदाम, स्टॉकिस्ट आणि शेवटी तुमचं दुकान. सॉफ्ट लेन्सवाले भरपूर, म्हणून त्यांचा माल सतत फिरतो. सेमीसॉफ्टवाले केराटोकोनसचे, मोठ्या सिलिंडरचे (म्हणजे तिरक्या नंबरचे), बुबुळ बदललेले, म्हणजे एका दुकानाचे दोन-चार गिऱ्हाईक. दुकानदार पेटी मागवतो, चार बाटल्या खपतात, उरलेल्यांची एक्सपायरी जवळ येते, स्टॉकिस्ट परत घेत नाही. पुढच्या वेळी तो मागवतच नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. "तेच आहे" म्हणाला, त्याबद्दल मात्र जरूर रागवा.

लॉकडाऊनमध्ये, मार्च २०२० अखेरीपासून, याचा दुसरा चेहरा दिसला होता. मेडिकल उघडे, चष्म्याची दुकानं बंद, आणि सेमीसॉफ्टची बाटली बहुतेक ठिकाणी चष्म्याच्या दुकानातच.

दुप्पट किमतीचं उत्तर सोपं आहे. छापील किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंसाठी वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापांचे, २०११ चे नियम आहेत, ते ऑनलाइन विक्रेत्यालाही लागू होतात. स्क्रीनशॉट, बिल आणि लेबलचा फोटो ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा, आणि जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयातही देता येते. पण पैशाआधी लेबल बघा. परदेशी बनावटीच्या बाटलीवर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक आणि रुपयांतली किंमत नसेल, तर ती बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. कुणाच्या सुटकेसमधून आली, उन्हात किती दिवस पडली, कोण सांगणार? सील हातात घेऊन फिरवून बघा, कडी आधीच तुटलेली असेल तर परत करा.

आता जबाबदारी. माझं मत आमच्या व्यवसायातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. टंचाईला लेन्स बसवणारा जबाबदार नाही. पण टंचाईत पेशंट काय करेल, याला तोच जबाबदार आहे. बऱ्याच ठिकाणी लेन्सची ट्रायल तासभर चालते, घालायला-काढायला शिकवतात, पहिली बाटली किटमध्ये फुकट देतात आणि "संपली की कुठेही मिळेल" म्हणून मोकळे होतात. सॉफ्ट लेन्सला हे एकवेळ खपतं. केराटोकोनसच्या मुलीला ते सांगणं चूक आहे, कारण तिला लेन्स हौसेची नाही, तिचं वाचणं-लिहिणं तिच्यावर आहे. तुम्ही जिथे लेन्स करून घेतली तिथे फोन करून, लागलं तर जाऊन, हे कागदावर लिहून मागा: लेन्सचं मटेरियल, कोटिंग आहे का, चालणाऱ्या दोन सोल्युशनची नावं, आणि पहिलं मिळालं नाही तर काय. मोठ्या नेत्र रुग्णालयांच्या कॉन्टॅक्ट लेन्स विभागात सेमीसॉफ्टचं सोल्युशन बऱ्याचदा असतं, कारण त्यांचे पेशंटच तसे असतात. कुरिअरने पाठवतात का विचारा. संभाजीनगर, पुणे, हैदराबाद, जिथे तुमचं येणं-जाणं असेल तिथे.

माल सुरळीत झाला की एक सीलबंद बाटली जास्तीची घरात ठेवा. एकच. सहा घेऊन ठेवल्यात तर दोनतीन बाद होतील आणि गावातल्या दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. परभणीच्या उन्हाळ्यात ती खिडकीत, गाडीत किंवा बाथरूमच्या फळीवर नको.

टंचाई असो-नसो, डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. लेन्स, डबी, बाटली फेकू नका, सोबत न्या. त्यांच्यातूनही जंतूची तपासणी करता येते. मेडिकलमधून "डोळ्याचे थेंब द्या" म्हणून काही आणू नका. आपल्याकडे त्यात स्टिरॉइड असलेले थेंब सर्रास हातात पडतात. लाली दोन दिवस कमी दिसते आणि आत बुरशी असेल तर ती फोफावते.

शेवटी सॉफ्ट लेन्सचं. अगदी सुरुवातीच्या केराटोकोनसला कधीकधी खास सॉफ्ट लेन्स पुरते. तुमच्या मुलीला सेमीसॉफ्ट दिली होती, म्हणजे बहुधा सॉफ्टने नीट दिसत नसणार. सॉफ्ट लेन्स बुबुळाचाच आकार घेते, वेडावाकडा असेल तर वेडावाकडाच. सेमीसॉफ्ट स्वतःचा आकार धरून राहते आणि खालचा खड्डा-उंचवटा अश्रूंनी भरून निघतो, म्हणून दिसतं. सोल्युशन मिळत नाही या एका कारणासाठी बसलेली लेन्स बदलू नका. बदलायचीच असेल तर ती आजाराची गती, बुबुळाचा नकाशा आणि डाग बघून. कुणी स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी) सुचवेल. ती मोठी असते, आरामशीर असते, प्रगत केराटोकोनसमध्ये खूप उपयोगी पडते. पण ती रोज निर्जंतुक, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने भरून घालावी लागते आणि रात्रीच्या सोल्युशनची गरज तशीच राहते. एकाऐवजी दोन वस्तू. तेव्हा स्क्लेरलची गोष्ट निघाली तर पैसे भरण्याआधी त्याच खुर्चीत बसून विचारा: रोज किती ॲम्पूल लागतील, महिन्याचा खर्च किती, आणि परभणीत ते कोण देईल, नावासकट.